कॉम्प्युटरचा मुआयना

"घाण दिसत नाय म्हंजे ती लपलेली हाय," असं म्हणत साहेब पहिल्यांदा आमच्या घरात आले आणि मी पुढे सरकवलेल्या खुर्चीकडे न बघता तडक मागच्या मोरीत गेले. पँट दोन्ही हातांनी घोट्याच्या वर उचलली, उकिडवे बसले आणि जाळीजवळ नाक नेलं. माझी बायको पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभीच राहिली. साहेब उठले आणि तिला म्हणाले, "वहिनी, मोरी बरी हाय. पन जाळीखाली केस हायेत." मग बाहेर येऊन खुर्चीवर बसले, वरून पाणी प्यायले आणि आपण समोरच्या रो-हाउसमध्ये राहायला आलो आहोत असं सांगितलं.

बायकोने दोन दिवस समोरच्या घराकडे बघायचंसुद्धा टाळलं. मग एकदा मी घरात नाही असं समजून तिने जाळी उचलून बघितली. केस होते.

निवृत्त माणसं तुम्हीही बघितली असतील. मास्तर निवृत्त झाला की शेजारच्या पोरांना पाढे विचारत सुटतो. कंडक्टर निवृत्त झाला की लग्नाच्या पंगतीतसुद्धा "पुढं सरका, पुढं सरका" करतो. आमचे साहेब पालिकेत स्वच्छता निरीक्षक होते. सकाळी उजाडायच्या आत छडी घेऊन निघायचं, झाडूवाल्यांची हजेरी घ्यायची, नाल्यांमध्ये छडी बुडवून गाळ मोजायचा, यात त्यांची सगळी हयात गेली. 'तपासणी' हा शब्द त्यांना पुळचट वाटे. ते 'मुआयना' म्हणत. त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यात कुठल्याशा कचेरीत होते, त्यांच्याकडून तो शब्द घरात आलेला. तो उच्चारताना साहेबांची मान आपोआप ताठ होई.

मला ते 'ऑपरेटर' म्हणत. मी घरबसल्या लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाचे फलक असली डीटीपीची कामं करतो. कॉम्प्युटरसमोर बसणारा तो ऑपरेटर, असा त्यांचा साधा हिशेब होता.

समोरच्या घरात माणसं दोनच, साहेब आणि त्यांची धाकटी बहीण. साहेबांची बायको तरुणपणीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. बहिणीला सगळी कॉलनी ताई म्हणायची. ताईंची चाळिशी उलटलेली, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की समोरचा गप्प. साड्यांना फॉल-पिको करायच्या, ब्लाउज शिवायच्या. त्यांच्या मशीनची खडखड बंद झाली की समजायचं, साहेबांचा चहा चाललाय.

साहेबांचा निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणजे लग्नं जुळवणं. तेही फुकट. आयुष्यभर लोकांच्या मोऱ्यांमधून फिरल्यामुळे कुठलं घर कसं आहे हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. "बैठक काय कुनी बी सजवतं ऑपरेटर. घर बघायचं तर मागून बघावं." लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. आजूबाजूच्या तालुक्यांतून मुलामुलींचे बायोडाटे यायचे आणि साहेब ते कॉम्प्युटरमध्ये ठेवायचे. मोबाइलवर आलेलं ते धरत नसत. बायोडाटा पेनड्राइव्हमध्ये घालून कुणीतरी माणसाने हातात आणून द्यायचा, अर्ज द्यावा तसा.

गावाची लग्नं लावणाऱ्या या माणसाच्या घरात बहीण बिनलग्नाची राहिली होती. कारण एकच, मुआयना.

साहेब निवृत्त झाले त्याच वर्षी कन्नड गावचं एक स्थळ आलं होतं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, निर्व्यसनी, स्वतःचं घर. साहेब ताईंना घेऊन घर बघायला गेले. पोहे झाले, चहा झाला. साहेब "हात धुऊन येतो" म्हणून उठले ते बऱ्याच वेळाने परत आले, हातात एक ओली काडी धरून. "मोरी तुंबती," एवढंच म्हणाले आणि चपला घालायला लागले.

मग लासूर स्टेशनचं स्थळ. आडत दुकान, दोन मजली घर. तिथे साहेब गच्चीवर चढले, पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत वाकले आणि त्यांच्या खिशातला पेन आत पडला. "आता टाकी रिकामी करावीच लागंल," ते म्हणाले. यजमान म्हणाले, राहू द्या, नवीन पेन देतो. साहेब म्हणाले, पेनाचं जाऊ द्या, तळ बघायचाय. ऐन उन्हाळ्यात त्या भल्या माणसांनी पाहुण्यांच्या मानासाठी भरलेली टाकी ओतून दिली. साहेबांनी तळ बघितला आणि स्थळ नाकारलं.

येताना एसटीत ताई एकच वाक्य बोलल्या. "दादा, मला त्या टाकीत ऱ्हायचं नव्हतं."

घरी आल्यावर त्यांनी भावाला देवासमोर उभं केलं आणि शपथ घातली, की इथून पुढे कुणाच्याही मोरीत, गच्चीवर, संडासात पाऊल टाकायचं नाही. साहेबांनी शपथ घेतली. दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हता तो. पण छडी हातातून काढून घेतल्यासारखे काही महिने घरातच बसून होते आणि नेमका त्याच काळात त्यांचा कॉम्प्युटर मंद झाला.

मंद म्हणजे किती? साहेब बटण दाबून आंघोळीला जायचे, पूजा करून, गंध लावून बाहेर यायचे, तरी पडद्यावर ते गोल फिरतच असायचं.

"आत घाण झाली," साहेबांनी निदान केलं. त्यांनी पडदा फिनेलच्या फडक्याने पुसला. की-बोर्ड उलटा करून आपटला, त्यातून तीळ पडले. "हे संक्रांतीपासनं हाय," ते समाधानाने म्हणाले. तरी वेग वाढेना. मग मला बोलावणं आलं.

मी म्हणालो, "साहेब, बाहेरून पुसून काय होणार? आतली अडगळ काढायला पाहिजे. त्यासाठी फुकट प्रोग्रॅम मिळतात."

"फुकट?" साहेबांचे डोळे चमकले.

मी घाबरून एका दमात सगळं सांगून टाकलं. आधी बायोडाट्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून बाजूला ठेवा. प्रोग्रॅम ज्याने बनवला त्याच्याच पानावरून घ्या, शोधल्यावर सगळ्यात वर जे हिरवं बटण लकाकतं ते दाबू नका. चढवताना पुढे पुढे जाऊ नका, प्रत्येक पाटी वाचा. एखाद्या बारीक चौकटीत आधीच खूण केलेली असते, ती काढा, नाहीतर एकाबरोबर तीन पाहुणे घरात येतात. पुसण्याआधी तो काय काय पुसणार ते दाखवतो, ते डोळ्याखालून घाला. रजिस्ट्री असा शब्द दिसला तर हात जोडा आणि मागे या. आणि मुख्य म्हणजे एकच घ्या.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "एकच का?"

"एक पुरतो, साहेब."

"ऑपरेटर, एका वॉर्डाला एक झाडूवाला कवा पुरलाय का?"

मी एका लग्नाला चार दिवस बाहेरगावी गेलो. परत आलो तर साहेब दारातच उभे. "या, हजेरी चाललीय," म्हणाले. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात पाच-सहा सफाईवाले रांगेत बसले होते. एकाचं चिन्ह झाडू, एकाचं ढाल, एकाचं रॉकेट, एक निळी बादली. साहेब छडीचं टोक एकेकावर रोखत होते. "हा झाडूवाला कामाचा. ह्या ढालीला नुसता आवाज हाय. आन् हा रॉकेटवाला लई कामचुकार. नुसता पळतो, झाडत नाय."

ते कर्मचारी एकमेकांचे वैरी निघाले. झाडूवाल्याने ढालवाल्याला 'धोकादायक' ठरवलं. ढालवाल्याने चिडून बादलीला कोंडून ठेवलं. रॉकेटवाला मध्येच उठून सगळ्यांना 'अनावश्यक' म्हणायचा. या भांडणात कॉम्प्युटर इतका हळू झाला की साहेबांचं आता आंघोळ, पूजा आणि नाश्ता असं तिन्ही व्हायला लागलं. त्यांना मात्र याचं काहीच आश्चर्य नव्हतं. "दोन झाडूवाले एका गल्लीत टाकले की झाडत नायत, भांडत्यात. मी तीस वर्षं हेच सोडवलंय."

शिवाय कर्मचाऱ्यांबरोबर त्यांचे पाहुणे आले होतेच. शोधायचं पान बदलून भलतंच झालं होतं. कोपऱ्यात कुठल्यातरी परदेशी शहराचं हवामान दिसायचं आणि साहेब रोज ते ताईंना सांगायचे. "तिकडं बर्फ पडतोय." वरून पट्ट्या इतक्या लोंबत होत्या की बायोडाटा वाचायला खाली चार बोटं जागा उरली. मुलीचं नाव दिसलं तर शिक्षण दिसायचं नाही.

एके दिवशी साहेब संतापून माझ्याकडे आले. ढालवाल्याने लाल अक्षरांत कळवलं होतं, की कॉम्प्युटरमध्ये हजारो दोष सापडलेत, ते काढायचे तर पैसे भरा.

"फुकट मुआयना करायचा, मानसाला घाबरवायचं आन् मग पैसे मागायचे? लाच हाय ही ऑपरेटर! असली मानसं मी नोकरीत लई बघितली."

"अशांना पैसे द्यायचे नसतात, साहेब. काढून टाकू या त्याला."

"काढायचा कसा? आधी सापळा लावायचा. पावडर लावलेली नोट द्यायची."

नोट पडद्याच्या आत कशी सरकवणार, असं मी विचारलं. साहेब विचारात पडले. "हितंच तर हे लोक सुटत्यात," म्हणाले. बाकीच्यांना तरी काढू द्या म्हणून मी विनवण्या केल्या. साहेबांनी मान हलवली. नोटीस दिल्याशिवाय कुणाला कामावरून काढता येत नाही.

आणि अशा या कारभारात खुलताबादचं स्थळ आलं.

तिथल्या बाजारात त्या गृहस्थांचं वह्या-पेनांचं लहानसं दुकान होतं आणि घरामागे सीताफळाची झाडं. वय पंचेचाळीसच्या पुढे, आईच्या आजारपणात लग्न राहून गेलेलं. एका नात्यातल्या लग्नात त्यांनी ताईंना बघितलं होतं. साहेबांची कीर्ती त्यांच्या कानावर होती. त्यामुळे त्यांनी जो पेनड्राइव्ह पाठवला त्यात बायोडाटा एकच पान होता आणि फोटो मात्र ढीगभर. मोरी उजेडात, मोरी सावलीत. जाळी बसवलेली, जाळी काढलेली. टाकी बाहेरून, टाकी आतून. संडास, नाली, नालीचं तोंड, नालीचा उतार. उतार दाखवायला त्यांनी नालीत एक लिंबू सोडलं होतं आणि लिंबाचे लागोपाठ फोटो काढले होते.

साहेब ते बघताना हरखून गेले. घरी बसून मुआयना! शपथही मोडत नव्हती. "ह्याला म्हनायचं मानूस," ते मला म्हणाले. "लिंबू कसं गेलं बघा सरळ."

ताई मागे उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "ह्यात ते स्वतः कुठं हायेत?"

एकाच फोटोत होते. टाकीचं झाकण एका हाताने उचलून धरलेलं आणि उन्हामुळे डोळे बारीक करून हसत होते. ताईंनी तो फोटो बघितला आणि आत गेल्या. त्यानंतर साहेब बाहेर गेले की समोरच्या घरात मशीनची खडखड थांबायची आणि खिडकीतून पडद्याचा निळा उजेड दिसायचा. मी कुणाला काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला मनापासून वाटत होतं, की देवा, एवढं एक जमू दे.

खुलताबादकरांच्या मामांनी निरोप पाठवला होता, घटस्थापनेच्या आत हो की नाही ते कळवा. साहेब म्हणाले, कळवतो, फाइल साफसूफ करून शेवटचं बघतो.

ती साफसूफ भोवली. रॉकेटवाल्याने साहेबांना विचारलं, सारखे दिसणारे फोटो सापडलेत, जागा अडवतात, काढू का? आता मोरीचे पंधरा फोटो एकमेकांसारखे दिसणार नाहीत तर काय होणार? साहेबांनी काय जाणार ते बघितलं नाही. कामचुकार रॉकेटवाला पहिल्यांदाच काम मागत होता, त्याचंच त्यांना कौतुक वाटलं. "हौ, कर," म्हणून बटण दाबलं. त्याने सगळे फोटो उचलून कचराकुंडीत टाकले. आणि झाडूवाला हा इमानदार कर्मचारी दर तासाला कुंडी रिकामी करायचा. बायोडाटा तेवढा वाचला, कारण तसा दुसरा नव्हता.

कळल्याबरोबर मी धावत गेलो. "खुलताबादचा मूळ पेनड्राइव्ह कुठाय?"

"परत पाठवला."

"त्यात असतील ना फोटो?"

साहेबांनी मान खाली घातली. "दुसऱ्याची वस्तू घान कशी परत द्यायची? आतून बाहेरून साफ करून दिला."

मी म्हणालो, मग खुलताबादहून पुन्हा मागवून घ्या. यावर साहेब असे बघायला लागले, जणू मी त्यांना नालीत झोपायला सांगितलं. "फाइल हरवली म्हनून अर्जदाराला परत चकरा मारायला लावायच्या? नोकरीत कवा केलं नाय, आता करू?" स्वतः जाऊन बघायची तर शपथ आडवी. दोन्हीकडून कोंडी झाली होती आणि नवरात्र चार दिवसांवर आलं होतं.

मी कॉम्प्युटर ताबडतोब बंद केला. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की जाते. म्हणून त्यातली डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली आणि पुसलेलं परत काढणारा एक प्रोग्रॅम लावला. हाही फुकटच, पण त्याच्या स्वतःच्या पानावरून घेतलेला. साहेब माझ्या खुर्चीमागे बसून होते. छडी आणली नव्हती.

फोटो आले. पण नुसते खुलताबादचे नाही, आजवर त्या डिस्कवरून पुसलेलं सगळंच आलं. नोकरीत असताना साहेबांनी पुराव्यासाठी काढलेले तुंबलेल्या मोऱ्यांचे, फुटलेल्या नाल्यांचे फोटोही त्यात होते. नावं कुठल्याच फोटोला उरली नव्हती, नुसते आकडे. खुलताबादची मोरी आणि अख्ख्या वॉर्डाच्या मोऱ्या एकात एक मिसळून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या घरी आम्ही निवडायला बसलो. "ही आपली. हिला मी नोटीस दिली व्हती. ही बी आपली, इथं म्हैस पडली व्हती." जुनी माणसं भेटल्यासारखे ते एकेका मोरीला ओळखत होते. लिंबू दिसलं की मी ते खुलताबादच्या बाजूला टाकत होतो. सगळं बरं चाललं होतं. मग एक फोटो आला. फरशी फुटलेली, भिंतीला हिरवं शेवाळ, गळणाऱ्या तोटीला चिंधी बांधलेली.

साहेब बराच वेळ बघत राहिले. "ही आपल्या वॉर्डातली नाय. माझ्या सगळ्या मोऱ्या मला ठाऊक हायेत." त्यांचा आवाज चढला. "म्हंजे ही त्याची! चांगल्या पुढं केल्या आन् ही मागं लपवली. मी म्हनलं नव्हतं, घान दिसत नाय म्हंजे..." ते खुर्चीवरून उठले. "नामंजूर. फोन लावतो मी."

"दादा."

ताई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले.

"ही त्यांची मोरी नाय."

"तुला काय ठाऊक?"

"त्यांच्या मोरीत डाव्या हाताला कोनाडा हाय. बुटका. साबन तिथं ठेवला तर पानी उडत नाय त्याच्यावर." ताई पडद्याकडे बघतच नव्हत्या. "मी तिथंच ठेवला व्हता."

साहेब गोंधळले. "कवा ठेवला? तू कवा गेल्ती तिथं?"

"मनात रे, दादा." ताई थांबल्या नाहीत. "दोरी त्यांनी उत्तरेकडं बांधलीय, तिथं कपडे वाळायचे नायत. ती मी दारासमोर घेतली. घंगाळ कोपऱ्यात नीट बसतंय. मशीन खिडकीत. समदं लावून झालंय माझं."

मला ताईंकडे बघवेना. मी उगाच फोटो पुढे सरकवत राहिलो आणि तेवढ्यात खुलताबादची ती मोरी पडद्यावर आली. डाव्या हाताला कोनाडा होता. बुटका. साहेब पुढे वाकले. किती दिवस ते हा फोटो बघत होते, जाळी बघितली होती, उतार बघितला होता, पण कोनाड्याकडे त्यांचं लक्ष गेलंच नव्हतं. शेवाळलेली ती मोरी मग कुणाची, हे त्यांनी पुन्हा विचारलंच नाही. पुढे टाकीचं झाकण धरून हसणारा तो फोटोही निघाला. मी ताईंना म्हणालो, बघा, सापडला. "मला पाठ हाय," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

साहेब मला सोडायला फाटकापर्यंत आले. असं ते कधी येत नसत. कडी हातात धरून उभे राहिले.

"ऑपरेटर, कन्नडची मोरी तुंबत नव्हती."

"मग ती काडी?"

"काडी मी घरूनच खिशात घालून नेली व्हती." ते कडीकडे बघत म्हणाले. "नुकताच रिटायर झालो व्हतो. ती गेली असती तर घरात कोन? मी आन् ती छडी."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. साहेबांनी उत्तराची वाट बघितली नाही. आत जाऊन त्यांनी खुलताबादला फोन लावला, "मंजूर," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. पलीकडे काही कळलं नसावं, कारण लगेच उलट फोन आला.

तुळशीचं लग्न झाल्यावर ताईंचं लग्न झालं, खुलताबादलाच, नवऱ्याच्या दारात. साहेब दिवसभर पुढच्या बैठकीत टोपी घालून बसून होते. घराच्या मागे फिरकलेसुद्धा नाहीत. जेवल्यावर हात त्यांनी ताटातच धुतले.

संक्रांतीच्या सुमारास मी त्यांच्या परवानगीने कर्मचाऱ्यांना काढलं. साहेबांनी एकेकाला तोंडी नोटीस दिली. बायोडाट्यांची प्रत मी वेगळ्या डिस्कवर ठेवली. कॉम्प्युटरमध्ये मुळातच असलेला साफसफाईचा प्रोग्रॅम लावला, सुरू होताना जे जे उगाच उठून बसत होतं ते बंद केलं. बटण दाबलं आणि साहेब खुर्चीवर टेकायच्या आत पडदा हजर. मला स्वतःचाच अभिमान वाटला. साहेबांनीही "शाब्बास" म्हटलं.

पंधरा-वीस दिवसांनी ते माझ्याकडे आले. बराच वेळ माझ्या टेबलावरच्या पत्रिका चाळत राहिले.

"ऑपरेटर, ते मशीन जरा पहिल्यासारखं करून द्या."

"पहिल्यासारखं म्हणजे?"

"हळू."

मला वाटलं थट्टा करतायत. पण साहेबांचा चेहरा गंभीर होता.

"चालू व्हायला येळ लागायचा तवा मी ताईला फोन लावायचो. 'लावलाय, येतोय अजून,' म्हनायचो. तो येईस्तोवर चार शब्द बोलून व्हायचे. आता बटन दाबलं की हा उभा. मग फोन कशापायी लावायचा? लग्न झालेल्या बहिनीला रोज सकाळी बिनकामाचा फोन करतं का कुनी? तिच्या घरचे काय म्हनतील?"

लोक माझ्याकडे कॉम्प्युटर वेगवान करून घ्यायला येतात. हळू करून द्या म्हणणारे ते एकटेच. मी काम घेतलं. माझ्या धंद्यातल्या जडजड फायली टाकल्या, सुरू होताना एकदम उठणारे निरुपद्रवी प्रोग्रॅम लावले, सगळे ज्याच्या त्याच्या खऱ्या पानावरून घेतलेले, बारीक चौकटी वाचून. साहेब शेजारी बसून अंदाज घेत होते. "अजून जरा," म्हणायचे. "एवढ्यात तर तिची पान्याची चौकशी बी व्हनार नाय."

त्यानंतर रोज सकाळी खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू यायचा. "हां, लावलाय. येतोय अजून. तुझ्याकडं पानी आलं का? आमच्याकडं आज आठवा दिवस." मी पत्रिकेचं काम बाजूला ठेवून ऐकत बसायचो. बायको म्हणायची, दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये. आणि तीही दारात उभी राहून ऐकायची.

मागच्या हिवाळ्यात साहेब गेले. आदल्या सकाळी फोन झाला होता. ताई आणि त्यांचे यजमान येऊन घर आवरून गेले. सामान बरंचसं वाटून टाकलं. कॉम्प्युटर ताईंनी माझ्याकडे दिला, "आमच्या दुकानात जागा नाय, तुम्हीच ठेवा," म्हणाल्या. मी तो कोपऱ्यात ठेवला आणि फडकं घातलं. त्यातलं काहीच काढलं नाही.

परवा फडकं झटकताना सहज त्याचं बटण दाबलं. ते गोल फिरायला लागलं. मी बसून राहिलो. थोड्या वेळाने मोबाइल काढून खुलताबादला फोन लावला.

"ताई, लावलाय," मी म्हणालो.

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. मग तोटी बंद केल्याचं ऐकू आलं.

"येतोय का?" ताईंनी विचारलं.

"येतोय. वेळ लागेल."

"लागू द्या," ताई म्हणाल्या. "तुमच्याकडं पानी आलं का?"